हॉब्स, न्यू मेक्सिको: आभाळाला पाच स्टार, पत्त्याला अडीच

आधीच सांगून ठेवतो, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही आणि दुकानाचा पण नाही. एका संस्थेचं हेड ऑफिस, ते ज्या गावात आहे ते गाव, तिथला विमानतळ, वरचं आभाळ आणि जेवणखाण, असं सगळं मिळून आहे. संस्था म्हणजे सोअरिंग सोसायटी ऑफ अमेरिका, सगळे एसएसए म्हणतात. इंजिन नसलेली विमानं म्हणजे ग्लायडर उडवणाऱ्यांची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना, १९३२ सालची. मी तिथे दरवर्षी वर्गणी भरतो त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी समजतो. चार ग्लायडरवाले कॉफीला जमले की त्यातला एक तरी हा विषय काढतोच, की बाबा हे ऑफिस हॉब्सला कशाला?

हॉब्स कुठे आहे हे माहीत नसेल तर लाजायचं कारण नाही, अमेरिकेतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. न्यू मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यात, टेक्सासच्या सीमेला खेटून. अल्बुकर्की तीनशे मैलांच्या वर. लबक शंभर मैलांच्या पुढे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या एखाद्या संघटनेने ऑफिस सिरोंचाला टाकलं तर नागपूरवाला पण कुरकुर करेल आणि मुंबईवाला तर नकाशाच उघडणार नाही, तसं. मी न्यू जर्सीत राहतो, एडिसनच्या बाजूला. वर्गणी जाते पण माणूस जात नाही, अशी परिस्थिती बरीच वर्षं होती.

मग मेहुण्याला मिडलंडला तेल कंपनीत नोकरी लागली. मिडलंड टेक्सासमध्ये, आणि तिथून हॉब्स साधारण पावणेदोन तास. बायको म्हणाली चला भावाकडे जाऊ, मी लगेच हो म्हणालो, इतक्या पटकन हो म्हणालो की तिला तिथेच संशय आला. जुलै महिना. विमानतळावर जी भाड्याची गाडी मिळाली (कंपनीचं नाव घेत नाही) तिचा एसी पहिल्या अर्ध्या तासात गार हवा द्यायचं विसरला. बाहेर एकोणचाळीस डिग्री. खिडक्या उघड्या टाकून, गमछा ओला करून मानेवर ठेवून गेलो, सासूबाई मागे बसून रामरक्षा म्हणत होत्या, ती गाडीसाठी होती की माझ्या बुद्धीसाठी ते विचारलं नाही.

रस्ता म्हणजे पाटच. सपाट म्हणजे किती सपाट, आपल्याकडे सपाट म्हणताना पण कुठे तरी एक टेकडी असते, इथे काहीच नाही. दोन्ही बाजूंना तेल उपसणारे ते पंपजॅक, सारखी मान खालीवर करणारे, ह्याला विचारा त्याला विचारा सगळ्याला हो हो म्हणणारे. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, टेक्सासच्या या भागात सेंट्रल टाइम आणि हॉब्सला माउंटन. म्हणजे पावणेदोन तासांचा प्रवास घड्याळात पाऊण तासाचा. मेहुणा म्हणाला, "दाजी, इथे आलं की आयुष्य एक तासाने वाढतं." मी म्हटलं परत जाताना तो तास काढून पण घेतात ना रे.

ऑफिस आहे ते गावाबाहेरच्या जुन्या लष्करी विमानतळावर. दुसऱ्या महायुद्धात इथे बी-१७ बॉम्बर चालवायला शिकवायचे, त्यासाठी बांधलेले लांबरुंद रनवे. युद्ध संपलं, लष्कर गेलं, काँक्रीट राहिलं. आता त्याला इंडस्ट्रियल एअरपार्क म्हणतात आणि गावाला जाणारी-येणारी प्रवासी विमानं दुसऱ्याच विमानतळावर उतरतात, त्यामुळे इथे ग्लायडरच्या मागे कोणी हॉर्न वाजवत नाही. ऑफिस छोटंसं. मला काय वाटलं होतं, राष्ट्रीय मुख्यालय म्हणजे दारात एखादं ग्लायडर टांगलेलं असेल, संगमरवरी जिना असेल, रजिस्टरमध्ये सही करा म्हणतील. तसलं काही नाही. गाडी लावली, उतरलो, वाऱ्याने टोपी उडाली ती पकडायला वीस पावलं धावलो. हाच स्वागत समारंभ.

आता मुद्दा. मुख्यालयात काम काय चालतं? मेंबरशिप, मासिक (ते १९३७ पासून निघतंय), बॅज आणि रेकॉर्डचे कागद, क्लबांचे प्रश्न, आणि वॉशिंग्टनला सरकारी विमान खात्याशी चालणारी अखंड वाटाघाट. बॅज म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिल्व्हरला ५० किलोमीटर लांब जायचं, १००० मीटर उंची वर कमवायची आणि ५ तास हवेत राहायचं, इंजिनाशिवाय. गोल्डला ३०० किलोमीटर आणि ३००० मीटर. हे सगळं खरंच केलं का याचे पुरावे तपासून शिक्का मारायचा. या कामाला रनवे लागत नाही हो. टेबल लागतं, फोन लागतो, चांगलं इंटरनेट लागतं आणि एक चिकट स्वभावाचा माणूस लागतो. पुण्यात असे माणूस पेठेपेठेत मिळतील.

म्हणून विरोधकांचं म्हणणं मला पटतं पण. ते म्हणतात खातं वॉशिंग्टनला, मग ऑफिस तिकडे ठेवा. छोट्या विमानांच्या मालकांची जी मोठी संघटना आहे, एओपीए, ती मेरीलँडमध्ये फ्रेडरिकला विमानतळावर बसलीय, राजधानी तासाभरावर. सकाळी मीटिंग, दुपारी आपल्या टेबलावर. हॉब्सहून वॉशिंग्टनला जायचं म्हणजे पूर्ण दिवस प्रवासात, आणि परतीचं विमान चुकलं तर मधल्या एअरपोर्टवर खुर्चीत झोप.

पण फ्रेडरिकचं भाडं कोण भरणार? एओपीएकडे मेंबर लाखांत आहेत. आमच्याकडे दहा हजारांच्या आसपास. आमच्या हाउसिंग सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला वर्गणी मागितली तर निम्मे लोक दार उघडत नाहीत, आणि हे दहा हजार लोक राजधानीशेजारच्या ऑफिसचं भाडं देणार? हॉब्सचा सगळ्यात मोठा गुण स्वस्ताई आहे आणि तो गुण कमी समजू नये. मी पुण्याचा आहे, मला कळतं.

बरं, आभाळ. इथे मात्र मी मान खाली घालून कबूल करतो. एका मेंबर काकांनी मला त्यांच्या दोन सीटच्या ग्लायडरमध्ये घेतलं. वय सत्तरच्या पुढे, बोलणं कमी, हात दगडासारखे स्थिर. बसायच्या आधी त्यांनी माझी टोपी बघितली, डोक्यावरून काढली आणि म्हणाले ही नको. का तर टोपीच्या टोकावर ते कापड गुंडाळलेलं बटण असतं ना, ते. ग्लायडरची काच डोक्याच्या अगदी वर असते, गचका बसला की ते बटण काचेला लागून काचही जाते आणि टाळूलाही खोक पडते. म्हणून ग्लायडरवाल्यांच्या टोप्यांना बटण नसतं. इतकी वर्षं ह्या नादात आहे, मला माहीत असायला पाहिजे होतं, नव्हतं, झालं. त्यांनी स्वतःची एक जुनी, उन्हाने पांढरी पडलेली टोपी दिली, मापाला मोठी, कानापर्यंत आली. फोटोत मी पाहुण्यांच्या लग्नात चुकून दुसऱ्याचा फेटा घातल्यासारखा दिसतोय.

टो-प्लेनने ओढत वर नेलं, दोरी सोडली, आणि मग ती शांतता. खाली जमीनच मुळात ३७०० फुटांवर आहे. समोर काचेवर एक लाल लोकरीचा धागा चिकटपट्टीने लावलेला, पाचएक इंचांचा. हा धागा वाऱ्यात सरळ उभा राहिला की ग्लायडर सरळ चाललंय, तिरका झाला की पाय चुकतोय. बाकी पॅनेलवर जीपीएस, कॉम्प्युटर, काय काय होतं, त्यांची नजर मात्र त्या धाग्यावर. आमच्या पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला पण तोच धागा होता.

पहिला थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा खांब, लागला तेव्हा खालून कोणीतरी पाट ढकलल्यासारखं झालं. व्हेरिओ म्हणजे वर-खाली दाखवणारं यंत्र, ते ट्यांव ट्यांव करायला लागलं, काका एकाच बाजूला कलून गोल गोल, गोल गोल, एका मिनिटात सात-आठशे फूट. अकरा हजारांवर गेलो तेव्हा पायाला गार लागायला लागलं, खाली भट्टी आणि वर ऑक्टोबरची सकाळ. न्यू मेक्सिकोच्या बाजूला तेलविहिरींचे पांढरे चौकोन, त्यांना जोडणारे पांढरे रस्ते, वरून बघितलं तर ताटात थापलेल्या वड्या सुरीने कापून ठेवल्यासारखं. टेक्सासच्या बाजूला गोल फिरणाऱ्या पाण्याच्या नळाची शेतं, हिरव्यागार भाकऱ्या, एकीला एक चिकटून. आणि सगळीकडे उतरायला जागा. ग्लायडरवाल्याला खाली जागा दिसली की जीव थंड होतो. डोंगर नाही, जंगल नाही, मोठ्या विमानतळाची भानगड नाही. दीड तास फिरलो, इंजिन नाही, पेट्रोल नाही. १९८३ ची जागतिक ग्लायडिंग स्पर्धा ह्याच हॉब्सला झाली होती, ती का झाली ते मला त्या दीड तासात कळलं, पुस्तकात वाचून कधी कळलं नसतं.

तर आभाळाला पाच स्टार. सहावा असता तर तोही.

मग अडीच कशाला म्हणाल तर सांगतो. आम्ही सकाळी दहाला पोचलो आणि संध्याकाळी पाचला निघालो. सात तासांत त्या विमानतळावर ग्लायडर बघायला बाहेरचं कोणी आलं असेल तर एक माणूस, आणि तोही मेहुणा, ज्याला मी ओढून आणला होता. एकही पोरगं नाही. कुणी सायकलवरून थांबून कुंपणातून बघतंय असं नाही. तिथून कोणी जातच नाही तर बघणार कोण.

हे मला लागलं त्याला कारण आहे. माझं पुण्यातलं घर हडपसरला, सातववाडीत. सासवड रोडला ग्लायडिंग सेंटर आहे, केंद्र सरकारच्या विमान खात्याचं, पुण्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. शाळेत जाता-येता ते वर जाताना दिसायचं. तिथे टो-प्लेन नाही, विंच. मैदानाच्या एका टोकाला मोठं इंजिन आणि त्याला ड्रम, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मधे लांबच लांब तार. इंजिनने तार गुंडाळायला घेतली की ग्लायडर पतंगासारखं नाक वर करून चढायचं, आणि हजारेक फुटांवर तार सोडली की तारेची छोटी पॅराशूट फडफडत खाली यायची. त्या पॅराशूटपायी माझे किती तास बुडाले याची गणती नाही. कुंपणाला सायकल टेकवून आम्ही चार पोरं उभी. एक दिवस आतल्या एका काकांनी हाक मारली, "ए, नुसते बघताय काय, या पंख धरा." ग्लायडरला चाक मधोमध एकच असतं, उभं असताना एक पंख जमिनीला टेकलेला असतो, सुटताना कोणीतरी पंखाचं टोक सरळ धरून चार पावलं धावावं लागतं. ते धावायचं काम. माझं सगळं ग्लायडिंग त्या चार पावलांपासून सुरू झालं. पालखीच्या दिवसांत तर मजा, माउलींची पालखी सासवड रोडनेच दिवे घाटाकडे जाते, वारकरी थांबून वर बघायचे आणि विचारायचे, "बाळा, याला आवाज का नाही रं?"

तिथे हँगरमध्ये मी रोहिणी नावाचं ग्लायडर पाहिलंय. लाकूड आणि कापडाचं, दोन माणसं शेजारी शेजारी बसायची, स्कूटरसारखी मागे-पुढे नाही, रिक्षासारखी. आपल्याकडे सरकारी विमान खात्याने साठच्या दशकात आणि आगेमागे स्वतःची ग्लायडर डिझाइन केली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. आई म्हणायची मृगात माणसं पेरणी करतात आणि हे मृग उडवतात. वर पाऊस सुरू झाला की थर्मल बंद, म्हणजे मृग लागला की मृगशीर हँगरमध्ये. तिचं बरोबरच होतं.

आणि आपलं राष्ट्रीय ऑफिस कुठे? एअरो क्लब ऑफ इंडिया दिल्लीला, सफदरजंग विमानतळावर. पत्ता ऐकून वाटतं वा, विमानतळावरच! पण तिथे क्लबांचं उडणं सुरक्षेच्या कारणावरून केव्हाच बंद झालं. म्हणजे रनवे आहे, उडता येत नाही. हॉब्सला उडता येतं, बघायला माणूस नाही. दोन्हीकडे काहीतरी एक घरी विसरलंय.

आता ऑफिससाठी दुसरी जागा म्हणून एलमायरा बघू. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिणेला, माझ्या घरापासून चार तास. ज्यांचे आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी येतात त्या सगळ्या मराठी लोकांना हा रस्ता पाठ आहे, त्यांना फक्त माहीत नाही की तो पाठ आहे. नायगारा दाखवायला न्यायचं, वाटेत कॉर्निंगचं काचेचं म्युझियम करायचं, कुठल्या तरी रेस्ट एरियात थेपले आणि दही-भात खायचा. त्या कॉर्निंगच्या पंधरा-वीस मिनिटं अलीकडे एलमायराची हॅरिस हिल. टेकडीवर ग्लायडरचं मैदान, मैदानाला लागून नॅशनल सोअरिंग म्युझियम, आणि शेजारी पोरांसाठी छोटं अम्युझमेंट पार्क. अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय ग्लायडिंग स्पर्धा १९३० साली एलमायरालाच झाली आणि नंतरची बरीच वर्षं तिथेच होत राहिली. श्वाइत्सर बंधूंचा ग्लायडरचा कारखाना पण तिथलाच, इथल्या दोन पिढ्या त्यांच्या पत्र्याच्या ग्लायडरवर शिकल्या.

मी तिथे गेलो होतो आईबाबांना घेऊन. बाबांना काचेत रस नव्हता म्हणून त्यांना म्युझियममध्ये नेलं. बाबा एका जुन्या लाकडी ग्लायडरपुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे तुझ्या हडपसरच्या त्या ह्याच्यासारखंच आहे की." बाहेर आलो तर ग्लायडरच्या राइड चालू होत्या. समोर दरी, खाली शमंग नदी, हिरवंगार. आइस्क्रीम खाणारी एक मुलगी, सहा-सात वर्षांची, कुंपणाला नाक लावून उभी. आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं होतं, तिला पत्ता नाही. ती ग्लायडर बघायला आलेली नव्हती, झोका खेळायला आली होती. तिच्या आईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा दंड धरून नेलं.

मला विचाराल तर राष्ट्रीय संघटनेचं घर अशा ठिकाणी पाहिजे जिथे माणूस चुकून येऊन थडकतो. जे मुद्दाम येणार ते कुठेही येतील, हॉब्सला पण येतील, ओल्या गमछ्यात येतील. वाढ होते ती चुकून येणाऱ्यांमुळे.

पण लगेच एलमायराच्या बाजूने मत टाकू नका, थांबा. नोव्हेंबर ते मार्च तिथे जाऊन दाखवा. बर्फ, ढग, पाचला अंधार. हॉब्सला जानेवारीत पण ऊन असतं. एलमायराचा सगळ्यात चांगला उडण्याचा हंगाम म्हणजे वर्षातले मोजके महिने. पश्चिमेचे पायलट, कॅलिफोर्निया-नेवाडाचे, ते तर म्हणतील पूर्वेच्या टेकड्यांवर उडणं म्हणजे जिन्यावर पळणं. त्यांचंही बरोबर, त्यांच्याकडे डोंगरच तसले आहेत. आणि आधी हे ऑफिस लॉस एंजेलिसकडेच होतं ना, तिथूनच पुढे हॉब्सला आलं, त्यामुळे प्रत्येक गटाला वाटतं की पुढचा नंबर आपला. न्यू मेक्सिकोवाल्यांचं वेगळंच, ते म्हणतात राज्य सोडू नका, फक्त मोरिआर्टीला या. मोरिआर्टी अल्बुकर्कीपासून गाडीने तासाच्या आत, हायवेवर, तिथे आभाळ चांगलं आणि ग्लायडरचं एक म्युझियमही आहे. तडजोड म्हणून वाईट नाही. मी अजून गेलो नाही, त्यामुळे स्टार देत नाही.

इतरांनी काय केलं तेही बघून घेऊ. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांची संघटना राजधानीशेजारचं ऑफिस सोडून इंडियानात मन्सीला गेली, हजार एकरांची स्वतःची जागा घेतली, आता तिथे ऑफिस, म्युझियम, स्पर्धा सगळं एका कुंपणात. हौशी विमान बांधणाऱ्यांनी ऑशकॉश केलं, दर जुलैत तिथे जत्रा भरते, आळंदीला कार्तिकीत जशी गर्दी तशी, फक्त विमानांची. दोन्ही गावं आडवळणाची आहेत. ऑशकॉशचं नाव कोणी ऐकलं असतं एरवी? म्हणजे आडगाव हा गुन्हा नाही. त्या आडगावात लोकांनी वर्षातून एकदा तरी जावं असं काही ठेवलं की नाही, हा प्रश्न आहे. हॉब्सला ते ठेवता आलं असतं. १९८३ च्या स्पर्धेसारखं काहीतरी दरवर्षी. रनवे पडून आहेत की.

उलट टोक म्हणजे इंग्लंड. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनचं ऑफिस लेस्टरला बिझनेस पार्कमध्ये, रनवे नाहीच, आजूबाजूला गोडाउनं आणि ऑफिसं. ऑफिसच्या कामाने लेस्टरला गेलो होतो तेव्हा टॅक्सीवाल्या गुजराती भाईंना मी तो भाग विचारला, त्यांना वाटलं मला कुरियर सोडायचंय. पण देश केवढासा. मधोमध बसलेत, मोटरवेचा जोड शेजारी, कुठल्याही क्लबचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी. तिथे ते चालतं. अमेरिकेत मधोमध असं काही नसतंच, मधोमध बसलं की सगळ्यांपासून सारखंच लांब. हॉब्स एका अर्थी तेच आहे, सगळ्यांची समान गैरसोय. कोणा एका गटाची जहागीर नाही, हाही फायदा धरायला हवा, आपल्याकडे संमेलन कुठे भरवायचं यावरून जी हाणामारी होते ती बघता.

त्यामुळे माझं मत असं झालंय, आणि ते पुढच्या वर्षी बदलू पण शकतं: ऑफिस हलवू नका. हलवण्यात जो पैसा जाईल तो आमच्याच खिशातून. टेबल-फोन हॉब्सला राहू दे. पण संघटनेचा एक माणूस आणि एक दोन सीटचं ग्लायडर मे ते ऑक्टोबर हॅरिस हिलला ठेवा, त्या झोक्यांच्या शेजारी, आणि त्याला पोरांशी बोलायचं एवढंच काम द्या. कोणी कुंपणाला नाक लावलं की हाक मारायची, ये, पंख धर.

कोणी हॉब्सला जाणार असेल तर कामाच्या गोष्टी. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी गाडीत पाहिजेच, सावली नावाची गोष्ट नाही. टोपी बटण नसलेली. घड्याळाचं लक्षात ठेवा, टेक्सासहून येताना लवकर पोचाल आणि बंद दारासमोर उभे राहाल. जेवायला न्यू मेक्सिकोची हिरवी मिरची घ्या, बरिटोवर रस्सा घालून देतात, भाजलेल्या मिरचीचा, ठेच्याच्या जवळ जाणारा, सासूबाईंनी दोनदा मागून घेतला आणि म्हणाल्या ह्यात शेंगदाण्याचं कूट पाहिजे होतं. गावात काउबॉय लोकांचं एक म्युझियम आहे, बरोबर ग्लायडरमध्ये रस नसलेली माणसं असतील तर त्यांना तिथे सोडा. आम्ही ज्या मोटेलला राहिलो त्याचं नाव लिहीत नाही, रात्रभर एसीचं पाणी गादीवर ठिबकत होतं आणि रिसेप्शनच्या पोराने मला बादली आणून दिली, अतिशय नम्रपणे.

आभाळ ५, उतरायला जागा ५, भेटलेली माणसं ५, खर्च ४, पोचायची सोय १, बघ्यांची गर्दी ० (मेहुणा धरला तर अर्धा). पत्त्याला सगळं धरून अडीच.

हा रिव्ह्यू टाकायच्या आधी मेहुण्याला वाचायला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, "दाजी, ऑफिस हलवा म्हणून कुठे लिहू नका हां. मिडलंडला पाहुणे आले की दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही."